करपलेल्या बदामांची वर्दी

तीर्थस्वरूप ताईंना,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा भेटीत घ्यावा.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहितो. ठीक कसं आणि कितपत, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. साडूसाहेबांचा गुडघा कसा आहे? मागे त्यांनी फोनवर गुडघ्याची सविस्तर हकिकत सांगितली तेव्हा माझी इस्त्री तापत होती, त्यामुळे डावा की उजवा ते ऐकायचं राहून गेलं. जो कोणता असेल त्याला आराम पडो, आणि दुसऱ्याला त्याची लागण न होवो.

पत्रास कारण म्हणजे तुम्ही पाठवलेली गोणी. ताई, माणसं पार्सल पाठवतात, तुम्ही अख्खी बाग पाठवलीत. गोणी आणणाऱ्या माणसाने ती दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवली, पाठीला हात लावून सरळ झाला आणि आत दगड आहेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहेरची माया आहे. तो म्हणाला, मग पुढच्या वेळी दोघं येऊ. अक्रोड, बदाम, मनुका, अंजीर, जर्दाळू, खजूर आणि वर गवतात निजवलेली सफरचंदं! सगळं घर घमघमलं. दुकानात कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास सोडून दुसरा वास मी इतक्या वर्षांत घेतला नव्हता. तुमचे आभार मानायला मी बसलो आहे आणि मला ते नीट जमत नाही, म्हणून आधी घडलं ते सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, तुमची धाकटी बहीण हॉस्पिटलच्या ट्रेनिंगला गेली आणि घरात उरलो आम्ही दोघं, मी आणि बाबा. म्हणजे एक शिंपी आणि एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले अधिकारी. दोघांत बोलण्यासारखा विषय एकच, तो म्हणजे हवा. ती सकाळीच बोलून संपायची. सासूबाई गेल्यापासून बाबा जेवत नव्हते हे काही नवीन नाही. पण बहीण तुमची जवळ होती तोवर दटावून दोन घास तरी जात होते. मी कसा दटावणार? मी जावई. बाबा ताटासमोर बसायचे, भात इकडचा तिकडे करायचे, आणि तोंडाला चव नाही असं भिंतीला सांगून उठायचे. मग खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर बसून रस्ता बघायचे.

डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं, काळजीचा चेहरा केला आणि फळं, सुकामेवा, जे जाईल ते पोटात जाऊ दे म्हणून सांगितलं. मला वजनातलं कळत नाही, ताई. मला कंबर कळते. बाबांची पँट मी बोटभर आत घेतली, आठवड्याने पुन्हा बोटभर घेतली. ते आंघोळीला गेले की मी गुपचूप शिवण घालायचो, म्हणजे पँट सैल झाल्याचं त्यांना कळू नये. शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला आले तेव्हा मी सुई खाली ठेवली. आणि त्याच दिवशी तुमचा फोन आला की महिनाअखेरपर्यंत बाबांनी अंग धरलं नाही, तर त्यानंतरच्या रविवारी गाडी घेऊन येते आणि त्यांना माझ्याकडे नेते. तुमचं चूक नव्हतं. तुम्ही फोनसोबत गोणीही पाठवलीत, म्हणजे शिक्षेआधी संधी दिलीत.

मग मी स्वयंपाकाला लागलो. (हसू नका. साडूसाहेबांनाही हसू देऊ नका, गुडघ्याला हिसका बसेल.) तुम्ही फोनवर कृती सांगितल्यात, पण तुमच्या प्रत्येक कृतीत ‘अंदाजाने’ हा शब्द होता. अंदाजाने कापलेला कोट कोणाला होतो? मी टेप काढली. सफरचंदाच्या चकत्या सगळ्या एका जाडीच्या केल्या, सुईदोऱ्यात ओवल्या आणि वाळायला ट्रायल रूममध्ये आडव्या टांगल्या. एक बाई ब्लाउजची ट्रायल घ्यायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. आल्या तेव्हा ब्लाउज उत्तम बसत होता आणि एक दोरा रिकामा होता. अक्रोड फोडायला जड इस्त्री घेतली. पहिलाच अक्रोड असा उडाला की दुकानाच्या काचेमागच्या पुतळ्याचं नाक गेलं. आता तो पुतळा फक्त पाठमोरे कपडे दाखवतो.

बदाम बारीक करायचे तर सुरी सापडेना, म्हणून मी कडा उसवू नयेत यासाठी जी नागमोडी कात्री वापरतो ती घेतली. काम फार सुबक झालं. एकेका कापाला बारीक दात. ते दह्यावर पेरून, वर अंजीर ठेवून मी वाटी बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि विचारलं, ‘‘हे आधी कोणी चावलंय?’’ मी वाटी परत आणली. आत जाऊन स्वतःच खाल्ली. चवीला बरी होती.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं सफरचंद मी शिजत घातलं होतं, मनुका आणि अक्रोड घालून, मंद आचेवर. सोललेले बदाम ओले होते. ओलं काही दिसलं की शिंप्याचा हात इस्त्रीकडे जातो. मी बदाम कटिंगच्या टेबलावर पसरले, वर कापड घातलं आणि इस्त्री फिरवली. तेवढ्यात आपले दंतवैद्य आले, कोटाच्या ट्रायलला. (सुस्वभावी माणूस, पण समोरच्याचे दात बघत बोलतो, त्यामुळे मी त्याच्याशी ओठ मिटून बोलतो.) त्यांच्या अंगावर कोट चढवला, एक बाही कच्च्या टाक्यावर, दुसरी बाही माझ्या हातात. बाही मोठी की खांदा उतरता यावर आमचा वाद रंगला, आणि इस्त्री राहिली बदामांवर.

धूर मला दिसला नाही, कारण माझ्या तोंडात टाचण्या होत्या आणि डोळे खांद्यावर. पण आतल्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज आला. पाहतो तो बाबा! त्या दारातून ते एरवी भिंत धरत यायचे. आता छाती पुढे, एका हातात बादली, दुसऱ्या हाताने त्यांनी मला छातीवर धक्का देऊन मागे लोटलं आणि गरजले, ‘‘मागे व्हा!’’ त्या आवाजाने समोरच्या दुकानातला न्हावी अर्धी दाढी सोडून रस्त्यावर आला. बाबांनी आधी इस्त्रीचा प्लग ओढला, मग कापड उचलून बादलीत बुडवलं, आणि उरलेलं पाणी खात्रीसाठी टेबलावर ओतलं. टेबलाच्या त्या बाजूला दंतवैद्य होते. आग म्हणाल तर मुळात नव्हतीच, नुसते बदाम कोळसा झाले होते आणि कापडाला इस्त्रीचं भोक पडलं होतं. पण दंतवैद्य एका बाहीनिशी नखशिखांत भिजले.

मी माफी मागायला तोंड उघडणार (टाचण्यांसकट), तर बाबांनी घर फिरून तपासलं, गॅस पाहिला, खिडक्या उघडल्या, आणि मग बाहीने कपाळ पुसून विचारलं, ‘‘खायला काय आहे?’’

ताई, मी पातेलं आणलं. वाट्या काढायला वळलो तर त्यांनी थांबवलं. दलात रीत होती म्हणे, आगीच्या वर्दीवरून परत आलं की बूट काढायच्या आधी सगळ्यांनी उभ्याने, एकाच भांड्यातून खायचं, मगच बसायचं. पहिला घास सर्वांत नवख्याचा. म्हणून पहिला चमचा दंतवैद्यांना मिळाला, दुसरा मला. मग बाबांनी पातेलं हातात घेतलं आणि सफरचंद, मनुका, अक्रोड, तळाला लागलेलं तेही, सगळं खरवडून खाल्लं. आम्ही तिघं ओल्या टेबलाभोवती उभे, आणि मी तोंड दुसरीकडे केलं, कारण मला रडू येत होतं. तेव्हा मला उमगलं की या माणसाने जन्मात काम केल्याशिवाय घास घेतलेला नाही. खुर्चीत बसवून आपण ताट पुढे करत होतो. त्यांना ते दुसऱ्याच्या ताटातलं वाटत असणार.

मग मी काय करावं? गाढवपणाच केला, पण हिशेबाचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सुतळीचा तुकडा ओला करून तव्यावर ठेवला. थोडा धूर झाला. बाबा आले, विझवलं, तपासलं, भूक लागली. बदाम-मनुका घातलेला भात उभ्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता तर रीतसर बंदोबस्त आहे. वाळूची बादली दाराशी, ओलं पोतं खिळ्यावर, इस्त्री, आजूबाजूला काही जळणार नाही अशा जागी. मला खिडक्या उघडायचं काम आहे, आणि मी ते हळू करतो म्हणून बोलणी खातो. दंतवैद्य दवाखान्याच्या जेवणाच्या सुटीत चमचा घेऊनच येतात. (कोट बाबांच्या पाण्याने आटला तो त्यांना आता नेमका बसतो. खांदा उतरता होता हे माझं म्हणणं खरं ठरलं असं मी मानतो, ते मानत नाहीत.) खजूर-अक्रोडाचा पाव केला, तो दोनदा फसला आणि तिसऱ्यांदा असा झाला की बाबांनी वास घेऊन डोळे मिटले आणि सासूबाई पावात जर्दाळू घालायच्या, असं स्वतःहून सांगितलं. त्या गेल्यानंतर त्यांचा विषय बाबांनी पहिल्यांदा काढला. मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो, हवेबद्दल नाही. आणि परवा बाबा माझ्यावर खेकसले, की तुमच्या शिलाईत दम नाही, पँट पोटात काचते. मी ती उसवायला घेतली. ताई, आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी टाका उसवला नाही.

तेव्हा आभार. अक्रोडांचे, बदामांचे, अंजिरांचे, गवतात निजवलेल्या एकेका सफरचंदाचे, आणि फोनवर तेच तेच विचारणाऱ्या माझ्यासारख्या ठोंब्याला न कंटाळता ‘अंदाजाने’ समजावल्याचे. तुमची गोणी आली नसती तर मी काय करपवलं असतं? साडूसाहेबांना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आशीर्वाद.

आपला,
धाकट्या बहिणीचा शिंपी

ता. क. – खरं म्हणजे एवढं लांबण लावलं ते एका विनंतीसाठी, आणि ती वर लिहायचा धीर झाला नाही. रविवारी गाडी आणू नका. आणली तर भरून आणा आणि रिकामी न्या. बाबांना इथेच राहू द्या. तुमच्याकडे मोकळी हवा आहे, अंगण आहे, त्यांचा हक्क आहे, सगळं कबूल. पण मला माझे वडील आठवत नाहीत. लहानपणापासून जे काही पेटलं ते माझं मीच विझवलं. त्या दिवशी ‘मागे व्हा’ म्हणून मला लोटलं तेव्हा माझ्या आणि आगीच्या मध्ये कोणीतरी उभं राहिलं. असं याआधी कधी झालं नव्हतं. छातीवर अजून दुखतं आहे, आणि मी त्याला मलम लावलेलं नाही.

ता. क. दुसरी – थोरले, मी बाबा. शिंपीबुवा पत्र टेबलावर टाकून आत गेले आहेत तेवढ्यात लिहितो. अक्षर समजून घे. यांना वाटतं की मला कळत नाही. अगं, बदामाचा धूर कोणता आणि ओल्या सुतळीचा कोणता, हे मला झोपेतही सांगता येईल. दुसऱ्या दिवसापासून सगळं खोटं आहे. मी तरी गेलो. आमच्याकडे नियम होता की घाबरलेल्या माणसाने दिलेली वर्दी खोटी धरायची नाही, आणि मी जेवत नव्हतो म्हणून हे लेकरू फार घाबरलं होतं. तू ये, राहा, जाताना एकटी जा. अक्रोड संपत आलेत. आता पुढे लिहीत नाही, सुतळीचा वास यायला लागलाय. निघालो.