मातीचं औषध

रायापूर, मंगळवार, संध्याकाळ

...मागच्या महिन्यात एका सकाळी सडा घातला, तुळशीला पाणी घातलं आणि परसातल्या मोहरीला पाणी घालत होते, तेव्हा शेजारच्या गंगाक्काने कुंपणावरून विचारलं होतं, "वैनी, एवढी मोहरी कशाला?" मी म्हणाले, "मातीला औषध." खरं सांगायला जीभ रेटली नाही. आमचे हे हयात असताना वीस वर्षं त्याच परसात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. ते मातीत मुरलंय. मोहरी ते पानांत ओढून घेते असं पुस्तकात वाचलं, म्हणून लावली. पण हे सांगायचं म्हणजे गेलेल्या माणसाला नावं ठेवणं.

आज रोपं उपटायला गेले, तर अर्धा वाफा खुडलेला. गंगाक्का हसत म्हणाली, "तुमचा औषधी पाला आठवडाभर मीच नेतेय, वैनी. सुनेला पाचवा महिना ना, रोज पल्या-भाजी करून घालते. तुम्हाला विचारायचंच राहिलं बघा."

औषध. माझाच शब्द. आणि तरी मी नुसतं "बरं" म्हणून आत आले. का? यांचं नाव जपायला, की माझं? पाचवा महिना. शिसं पोटातल्या जिवाला काय करतं तेही त्याच पुस्तकात आहे. ते पान उघडायला हात धजत नाही. चूल पेटवलेली नाही. रोज घालते म्हणाली. रोज.

बुधवार

सकाळी गंगाक्काच्या दारात उभी राहून यांच्या कामासकट सगळं सांगितलं, आणि तिच्या सुनेला रिक्षात घालून रक्त तपासायला धारवाडला नेलं.