माची भरत आली

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पोचले एकदाची! सांगलीहून पहाटेची एसटी, कऱ्हाडला गाडी बदलली, पाटणपासून कंपनीची जीप, आणि पुढं दीड तास नुसती वळणं. शेवटचं वळण संपून माची समोर आली तेव्हा मी ड्रायव्हरदेखत टाळी वाजवली. बावीस बंगल्यांचं रिसॉर्ट होणार आहे इथं. त्यासाठी डोंगर कापून जमीन सपाट करून द्यायची, हे काम माझं. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, इथं मात्र साइटवर माझ्या वर कुणी नाही. आईला फोनवर हे तीनदा ऐकवलं. अण्णांनी एवढंच विचारलं, की पाणी उकळून पितेस ना.

जागा लिहून ठेवते, पुढं वाचायला बरं. डोंगराच्या कुशीत पायरीसारखी ही माची. पुढच्या बाजूला सत्तर फुटांचा उभा कडा, त्याखाली करंजओढा वाडी. घरं काडेपेटीएवढी दिसतात. मागं डोंगर कापून काढलेली तीस फुटी भिंत, तांबड्या मुरमाची. तीच दोन्हीकडून वळत कड्याला येऊन मिळते. आत यायला वाट एकच, भिंतीतून कापलेली खिंड. शंभरेक पावलं लांब, आणि डंपर जेमतेम निघेल एवढी रुंद. मधोमध माझा पत्र्याचा कंटेनर. ऑफिस तेच, घर तेच. मोबाइलला रेंज फक्त कड्याच्या टोकावर.

माणसं चांगली आहेत. पोकलेन चालवणारा कृष्णात इकडचाच, तिशीचा. त्यानं मशीनच्या बकेटनं जमिनीवरची पाण्याची बाटली न चेपता उचलून माझ्या हातात दिली आणि स्वतःच लाजला. राखणीला आकाराममामा, फौजेतून हवालदार होऊन आलेले. अजून सकाळी दाढी घोटूनच कामावर येतात. त्यांच्या घरच्या, बनुबाई, वाडीतून भाकरी-कालवण घेऊन चढून येतात. शिवाय दोन डंपरवाले आणि सहा मजूर.

रात्री झोप छान लागेल. हवा काय सुंदर आहे!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर मापं, पलीकडं कृष्णातचं भिंतीचं कटिंग चालू. कड्यापासून मागच्या भिंतीपर्यंत अडतीस मीटर चाळीस. खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. उन्हाच्या मानानंही मुरूम हाताला जरा जास्तच कोमट लागला. जेवताना बनुबाई रेघांकडं बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, या माचीवर नांगराचं तास टिकत नाही. सकाळी धरलेलं तास संध्याकाळी मिटलेलं. म्हणून त्यांच्या सासऱ्यानं इथं नाचणीसुद्धा केली नाही, गुरं तेवढी चारली. मी म्हटलं, माती भुसभुशीत असेल. त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. माती लय घट्ट हाय." आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

माप अडतीस मीटर पाच. पस्तीस सेंटीमीटर कमी! मजुरांवर उगाच ओरडले, की खुंट्या कुणी हलवल्या. कुणीच हलवल्या नव्हत्या. यंत्रात दोष असणार. सोमवारी टेपनं मोजायचं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

टेपनं मोजलं, कृष्णातला दुसरं टोक धरायला लावून. सदतीस मीटर दहा.

भिंतीलगतची चुन्याची रेघ गेली आहे. पुसली नाही, भिंतीखाली गेली आहे. दरड घसरली म्हणावी तर पायथ्याशी ढीग हवा, वर भेग हवी. मी खिंडीतून बाहेर पडून वळसा घालून वर चढून आले. एक भेग नाही. भिंत शुक्रवारी होती तशीच उभी, सरळ, फक्त पुढं आलेली. आणि काल-परवा आलेल्या त्या मुरमावर बोटभर गवत.

डंपरवाल्यांनी आणखी एक सांगितलं. खिंडीच्या बाहेर, ओढ्यात टाकलेला भराव कमी होतोय. कुणी चोरून नेला म्हणावं तर चाकाची खूण नाही.

आकाराममामांनी मला बाजूला घेऊन काम थांबवायला सांगितलं. कारण सांगता येणार नाही म्हणाले, पण फौजेत असताना ज्या जागी पाय टाकू नये असं वाटलं तिथं त्यांनी टाकला नाही, म्हणून घरी परत आले. मी ऐकून घेतलं. मग जयराज साहेबांना फोन केला. ते कंत्राटदार, साताऱ्यात बसतात. त्यांचं म्हणणं, पंचवीस तारखेला मालक बघायला येणार, गेलेलं दुप्पट काढा.

मी होकार दिला. हे इथं लिहून ठेवते, कारण तो मीच दिला. कृष्णातनं दिवेलागणीपर्यंत अडीच मीटर कापून काढलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मोजलं. चौतीस मीटर साठ. काल काढलेलं अडीच मीटर भरून निघालं, वर आणखी अडीच.

जेवढं काढतो त्याच्या दुप्पट येतंय.

उद्या मतदान, म्हणून मजूर आणि डंपरवाले गावाला गेले. जाताना वळकट्यासुद्धा नेल्या. मी विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मशीन आज बंद. भिंत हललीच नाही. एक सेंटीमीटरसुद्धा नाही. किती बरं वाटलं!

म्हणूनच चूक झाली. वाटलं, मुरूम बसला आता, सवड आहे. कृष्णात मत देऊन सासुरवाडीला निघाला होता, त्याची चार वर्षांची क्रांती तिथं आहे. मी फोन करून परत बोलावलं, म्हटलं चार दिवसांचं काम आहे. तो एकदा म्हणाला, "पोरीला कबूल केलंय वो मॅडम." मी फोन ठेवला नाही. मग तोच म्हणाला, येतो.

संध्याकाळी आला. मामाही वाडीत मत देऊन वर आले, शाई लावलेलं बोट दाखवत. येताना खिंडीच्या बाहेरच्या तोंडाशी दोन्ही खांद्यांना माती लागली म्हणाले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमानं लिहिते.

सकाळी खिंड बघितली तर बाहेरच्या अंगाला इतकी आवळलेली, की डंपर काय, जीपसुद्धा निघाली नसती. कृष्णात म्हणाला, अलीकडं मशीन अजून घुसेल, पुढं दोन्ही अंगं थोडी तासतो आणि एकदमच बाहेर काढतो. मला पटलं. मामा नको म्हणत होते.

साडेदहा वाजले होते. लख्ख ऊन. तो तीसेक पावलं आत गेला आणि बकेट भिंतीला लावली. पहिल्याच घावाला मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं. दोन्ही भिंती फुगल्या. माती पडली नाही, उसळली नाही. कणीक फुगते तशी पुढं आली, आवाज न करता. कृष्णातनं मशीन मागं घ्यायच्या आत पट्टे जाम झाले. काच फुटली. माती केबिनमध्ये गेली आणि त्याच्या मांड्यांपर्यंत येऊन थांबली.

इंजिन बंद पडलं तशी मातीही थांबली.

आम्ही फावडी घेऊन धावलो. फावडं मारलं की त्या जागी दोन फावडी माती. मामांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. मी कड्याच्या टोकावर धावत जाऊन साहेबांना फोन केला.

मशीनच्या टपावरून खिंडीत एक माणूस सरपटेल एवढी फट राहिली होती. मामांनी दोर कमरेला बांधला. शंभर पावलांचा दोर, टोक माझ्या हातात. पलीकडं गेलो की दोन हिसके देईन म्हणाले. मी नका जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "बाई, रेंज कवा जाईल सांगता येत न्हाई. माणसं आणायला माणूसच पायजे." बूट काढून ठेवले आणि गेले.

दोर सरकत राहिला. मी पावलं मोजत होते. चाळीस. पन्नास. एकसष्टला थांबला.

हिसका आला नाही. मी ओढला. दोर मातीत शिरलेला होता आणि फट कुठं होती तेही दिसत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मागच्या भिंतीवर चढायचा प्रयत्न केला. हातानं खाच केली, पाय ठेवला. खाच मिटली, पायासकट. ओढून काढला, बूट आत राहिला. घोटा सोलला.

कड्याच्या टोकाला जाऊन फोन. जयराज साहेब, बनुबाई, सगळे सकाळपासून खाली वाडीत उभे आहेत. मी ओरडले, ओढणी हलवली, मला तुम्ही दिसताय म्हटलं, पांढरी गाडी, तिच्याजवळ हिरव्या लुगड्यातल्या बनुबाई. साहेब म्हणाले, तुम्ही कुठं आहात? इथून कटिंग दिसत नाही. कडासुद्धा दिसत नाही. वरपासून खालपर्यंत नुसता गवताचा उतार आहे.

ड्रोन उडवला त्यांनी. माझ्या डोक्यावरून गेला. मी दोन्ही हात वर केले.

साहेब म्हणाले, ड्रोनमध्येही गवतच आहे.

मग बनुबाईंनी फोन घेतला. मामा कुठं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "तू हलू नगंस, लेकी. कायबी उकरू नगंस." आणि रेंज गेली. कड्याच्या काठावर मातीचा बांध वर येतोय. गुडघ्याएवढा. आता कमरेएवढा.

कंटेनर नाही. त्याच्या पायासाठी मी चार खड्डे काढून घेतले होते. चारही भरले, तोही गेला. पाण्याची एक बाटली आणि ही वही घेऊन कृष्णातजवळ आले.

२२ तारीखच, दुपार

कृष्णात शुद्धीवर आहे. माती पोटापर्यंत. पाय दुखत नाहीत म्हणतो, मातीत ऊब आहे म्हणतो. मला ते ऐकवत नाही.

मी पुन्हा हातानं उकरायला लागले. त्यानं मनगट धरलं. "मॅडम, हात थांबवा. तुमी उकराय लागला की ती जोर करती."

थांबले. तीही थांबली.

मग आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. मी त्याला म्हटलं, मी बोलावलं नसतं तर. तो म्हणाला, काम हाय मॅडम, कुणीतरी बोलावतंच. क्रांतीनं चप्पल मागितली होती, चालताना दिवे लागणारी. तेच सांगत राहिला. मी ऐकत राहिले. पाणी दोघांनी वाटून प्यायलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उजाडलं.

खोलीएवढी जागा उरली आहे. वर आभाळ, परातीएवढं. चारी बाजूंना गवत, उभ्या भिंतीवर, वाऱ्यानं हलतंय. इथं वारा नाही.

हललो नाही तर वाढत नाही. हे नक्की. काल संध्याकाळपासून बोटभरही नाही. हलायचं नाही. कुणी वरून दोर सोडला तर — नुसता दोर — माती न उकरता —

लिहून ठेवते, कुणाला वही सापडली तर. खणू नका. दोर सोडा.

२३ — उशिरा

कृष्णात बोलत नाही. हात अजून माझ्या हातात. गरम आहे. त्याचा की मातीचा, कळत —

पुन्हा हाक मारली. पापणी हलली. आहे. आहे तो.

धीर धर म्हटलं. बनुबाईंना माहीत आहे. त्या सांगतील त्यांना —

२३

आवाज.

वरून. इंजिनचा. हा आवाज मला ओळखू येतो — पोकलेन. एक नाही, दोन. साहेबांनी आणल्या. बनुबाई नको म्हणत असणार, ऐकणार कोण —

पहिली बकेट. जमीन हादरली. कृष्णातच्या छातीपर्यंत —

थांबवा

ओरडले. घसा — वर जात नाही आवाज. आभाळ आता ताटलीएवढं. माणसं बोलतायत वर, अगदी जवळ. कुणीतरी म्हणतंय, इथंच असतील, मारा जोरात. आमच्यासाठीच खणतायत ते, आमच्यासाठी —

कृष्णातनं डोळे उघडले. माझ्याकडं बघतोय. त्याच्या गळ्याशी — मी हातानं अडवतेय, एका हातानं लिहि—

दुसरी बकेट

खणू नका वरच्यांनो खणू न—