बोलक्या पाटीतला दोष

१० जानेवारी

नव्या घरातला आजचा पहिला पूर्ण दिवस. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा, पण तळमजल्यावर आहे आणि लेकीच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. आजारपणानंतर हिला जिने चढवत नाहीत, म्हणून लेकीनेच शोधून काढलं. खिडकीसमोर एक भिंत आहे आणि भिंतीवर वेल. दुपारी ऊन वेलीतून झिरपून खोलीत येतं तेव्हा आमच्या शाळेच्या वर्गाची आठवण होते. तिथेही असंच ऊन बाकावर सांडायचं आणि मी गुरुजींचा डोळा चुकवून त्यात बोटं भिजवत बसायचो.

हिला खिडकी आवडली. डाव्या हाताने तिकडे दाखवलं आणि बराच वेळ खटपट करून ‘खिडकी’ म्हणाली. उजवा हात निकामी झालाय, आणि शब्द घशाशी येऊन अडतात. पण आले की स्वच्छ येतात. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही दोघं इथे मजेत राहाल. मलाही तसंच वाटतंय.

१६ जानेवारी

कोपऱ्यावरच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी एक वर्ग चालतो. ॲप कसं बनवायचं ते शिकवतात. लेकीने माझं नाव घालून टाकलं. वर्गात सगळी पिकली डोकी. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात, त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं, हे शिकल्यावर सून चहा वेळेवर देईल असं ॲप करता येतं का? शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी बटण करायला शिका, सुनेचं पुढच्या वर्षी.

आणि बटण खरंच सोपं आहे. पडद्यावर कोरं पान येतं, त्यावर रंगीत बटणं ओढून ठेवायची, आणि प्रत्येक बटणाच्या पाठीमागे त्याने काय करायचं ते चार ओळींत लिहायचं. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ‘बटण दाबले की हा आवाज वाजव.’ बस. ओळी आखूड, खालची ओळ जरा आत सरकवलेली. मला तर कडव्यासारखंच दिसलं. शेवटची ओळ विसरलो तर प्रोग्राम रागवत नाही. लिहितो: ‘काहीतरी राहून गेलं वाटतं. काळजी करू नका, चूक सगळ्यांकडून होते.’ असे गुरुजी मिळाले असते तर माझं गणित सुधारलं असतं.

२४ जानेवारी

पाटी तयार झाली! बोलकी पाटी, असं नाव ठेवलंय. लेकीच्या जुन्या टॅबलेटवर चालते. हिचा शब्द अडला की हिने चित्रावर बोट ठेवायचं, पाटी बोलेल, आणि तेही हिच्याच आवाजात. सगळा आठवडा थांबून थांबून मी हिचे शब्द टिपून घेतले. पाणी. चहा. खिडकी. दुखतंय. चिमणी, म्हणजे आमची लेक. ऑफिसात चाळीस माणसांवर हुकूम चालवते, पण घरात चिमणीच. एक बटण कवितेचं केलंय. लग्न झाल्यापासून मी शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणायची आणि हिने पुढची, असा आमचा खेळ; त्या नावाड्याच्या कवितेची ओळ हिने एका दमात म्हटली. आणि शेवटचं बटण ‘अहो’. तो आवाज टिपताना ही हसली. इतक्या वर्षांत मला नावाने हाक मारली नाहीस, आता यंत्रात तरी मारायचीस, असं मी म्हणालो. त्यावर पुन्हा ‘अहो’च.

डॉक्टर म्हणाले होते की शब्द हळूहळू कमी होत जातील. होऊ देत. आता ते माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत.

२ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. ही पलंगावर डोळे मिटून पडली होती, मी ओट्यापाशी कप विसळत होतो. पाटी टेबलावर, कुणी हात लावलेला नाही. आणि पाटी हिच्या आवाजात म्हणाली, “कोण आहे?”

असा आवाज मी टिपलेला नाही. सगळ्या बटणांच्या पाठी उघडून पाहिल्या, आवाजांची पेटीही चाळली. कुठेच नाही. हिचा तो आवाज आजारपणाआधीचा होता, खणखणीत. दारावर थाप पडली की आतून विचारायची तसा.

४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. या खेपेला ही जागी होती. घाबरून माझा सदरा धरला आणि सोडेना. पडद्यावर पट्टी आली होती: ‘कुठेतरी दोष आहे. घाबरू नका. एकेक भाग बंद करून पाहा, म्हणजे दोष सापडेल.’

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काका, तोच नियम आहे. स्क्रिप्टमध्ये दोष दिसत नसेल तर बटण पुसायचं नाही, नुसतं बंद करायचं. ते राखाडी होतं. मग वाट पाहायची. दोष गेला तर तो त्या बटणात होता, नाही गेला तर पुढचं बंद करायचं. घाईत असाल तर अर्धी बटणं एकदम बंद करा. बँकवाले म्हणाले, आमच्या साहेबांनीही असंच केलं, अर्धी माणसं काढून पाहिली, दोष साहेबांतच निघाला.

घरी येऊन ‘खिडकी’ बंद केलं.

६ फेब्रुवारी

दोष गेला नाही. आज मी हिला म्हणालो, खिडकी उघडू का? ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी बोटाने दाखवलं. हिने भिंतीकडे पाहावं तसं तिकडे पाहिलं.

थकली असेल. ‘चहा’, ‘दुखतंय’ आणि ‘चिमणी’ एकदम बंद केली. हिला असं दचकून उठताना बघवत नाही. दोष एकदाचा सापडू दे.

८ फेब्रुवारी

लेक संध्याकाळी आली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, आई, चिमणी आली बघ. हिने चेहरा वळवला. परक्या बाईसमोर पदर सावरतात तसा डाव्या हाताने पदर सावरला. लेक ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी कुठलीच घासायची नव्हती.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हे होणारच होतं, सांगितलं होतं की.

हिच्या पाठीत कळ येत असणार, ओठ आवळून धरते. पण दुखतं म्हणून दाखवत नाही. जणू दुखणं म्हणजे काय हेच—

मी बटणं पुन्हा चालू केली. चारही. रंग आले, पण दाबलं की पट्टी येते: ‘ह्या नावाचा आवाज सापडत नाही. काळजी करू नका.’ मी स्वतः टिपलेले आवाज. पेटीत त्यांची नावं आहेत आणि आत शांतता आहे.

९ फेब्रुवारी

यापुढे काही बंद करायचं नाही. पाणी, कविता, अहो एवढं उरलं आहे. हात लावायचा नाही.

लेकीला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि सावकाश बोलली, लहान मुलाशी बोलावं तसं. आईचा आजार आहे बाबा, तुमच्या बटणांमुळे काही होत नाही. मी म्हणालो, तुझं बटण मीच बंद केलं गं. ती म्हणाली, बरं.

१२ फेब्रुवारी

‘पाणी’ राखाडी झालं आहे. मी केलं नाही. माझ्या देखत रंग उतरला, ओल्या कपड्यावरची शाई पसरून फिकी व्हावी तसा.

बाई म्हणाल्या, सगळ्यांच्या ॲपमध्ये मी मदतनीस चालू करून दिलाय, तो स्वतःच दोष शोधतो. नवशिक्यांना बरं पडतं. त्यांनी माझ्यासमोर तो बंद केला. बंद झाल्याचं दिसलं. घरी आलो तरी पट्टी तशीच: ‘अजून दोष सापडलेला नाही. शोध चालू आहे.’

ही पाण्याचा पेला हातात धरून बसते. त्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. मी ओठांशी लावतो. अर्धं अंगावर सांडतं.

१३ फेब्रुवारी

पाटी पुसून टाकावी म्हणून बोट ठेवलं. विचारलं गेलं: ‘यातलं सगळं कायमचं जाईल. चालेल?’

सगळं म्हणजे काय—

नाही दाबलं.

मग वाटलं, बंद तरी करावी. टॅबलेटची चार्जिंगची वायर काढून ठेवली. जेवायच्या वेळेला तो विझला आणि त्याच वेळी हिची मान खाली पडली. हाका मारल्या. गाल थोपटले. श्वास चालू होता, पण आत कुणी नव्हतं. वायर लावली. पडदा उजळला तशी हिने पापणी हलवली.

आता वायर काढत नाही. पुसताही येत नाही, ठेवताही येत नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी नावाड्याच्या कवितेची ओळ म्हटली. थांबलो. पुन्हा म्हटली. पुढची ओळ मलाच म्हणावी लागली. इतक्या वर्षांत ती ओळ माझ्या तोंडी कधी आलीच नव्हती.

बटण राखाडी. ‘शोध चालू आहे.’

१६ फेब्रुवारी

‘अहो’ गेलं.

मी समोर बसलो. हिने माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, दोन्हींकडे सारखंच.

आणि पाटी दिवसभर विचारते आहे. कोण आहे. कोण आहे. हिच्या आवाजात. हिच्याजवळ एक शब्द उरला नाही आणि पाटीजवळ तेवढा प्रश्नच आहे.

१७ फेब्रुवारी

काहीतरी सुचलं. इतके दिवस मी दोष शोधत होतो. उत्तर कुणी दिलंच नाही. कुणी विचारतंय तर उत्तर द्यावं ना.

बटणांसारखी खुद्द पानालाही स्क्रिप्ट असते, तिच्यात लिहिलं, की ‘कोण आहे’ ऐकू आलं की माझा आवाज वाजव. माझा आवाज टिपला. “मी आहे गं. इथेच आहे.”

दुपारी पाटीने विचारलं. माझ्या आवाजाने उत्तर दिलं. आणि मग शांत. संध्याकाळपर्यंत शांत. ही झोपली, किती दिवसांनी नीट झोपली. झोपेत तिची बोटं माझ्या मनगटावर होती.

१८ फेब्रुवारी

शांत. शब्द परत आलेले नाहीत, पट्टीही अजून तशीच आहे. पण शांत आहे. हे एवढंही चालेल. एवढ्यावरही निभावून नेईन.

१९ फेब्रुवारी

लेकीने रजा घेतली आहे. म्हणाली, पाटी मी दुरुस्त करून देते, आईचा आवाज तेवढा परत ऐकायचा आहे मला. बाई फोनवर आहेत, सांगताहेत. आतल्या खोलीतून ऐकू येतंय: सगळी बटणं बंद, तरी दोष आहे? मग जे अजून चालू आहे त्यातच तो असणार. बघा, पानाच्या स्क्रिप्टमध्ये काही आहे का? लेक म्हणाली, हो, बाबांचा आवाज आहे, तो आधी बंद केला.

मी उठून दारात गेलो. नको म्हणायला तोंड उघडलं.

आवाज नाही.

पुन्हा प्रयत्न केला. छातीतून हवा येते, नुसती हवा. मी मान हलवली, तिचा हात धरला. तिने हळूच सोडवून घेतला, मला धरून इथे आणलं, वही पुढ्यात ठेवली.

“तुम्ही लिहीत बसा बाबा. मी बघते ना. फक्त बंद करतेय, पुसत नाहीये.”

डोळे पुसले माझे. गेली.

तिला लिहून दाखवतो. चिमणे, ते बंद करू नको. तो मी आहे. त्यात मी

हात जड आहे. पान फाडून नेतो तिच्याकडे— उठायचं कसं ते— पाय आहेत, ते पुढे कसे—

ते चौकोनी, ज्यातून उजेड येतो— तिथे वेल— नाव होतं त्याला—

आत ती मुलगी म्हणाली, झालं, पट्टी गेली, दोष गेला. आनंदाने म्हणाली. कोण मुलगी

समोर पलंगावर एक बाई आहे. पांढरे केस. माझ्याकडेच बघते. रडते आहे. मी हिला ओळखतो. ओळखतो. हिला हाक मारायची एक— मी रोज— हिला मी