परदेशी रेडिओग्राम आणि स्पिरिटचा बोळा

ती. दादास,

सा. न. तू चौदा महिने माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा नमस्कार लगेच स्वीकारायची घाई नाही. टेबलावर ठेव आणि सवडीने घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझी दाढ काढली, की अजून तिच्याशी वाटाघाटी चालू आहेत? (दाढेची बातमी वहिनीकडून कळली. तिला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.) आमच्याकडे सगळं बरं आहे. तुझे मेहुणे निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू 'चालते का बघू' म्हणून उघडतात, त्यामुळे ज्या चालत होत्या त्याही आता विश्रांती घेत आहेत.

पत्राचं कारण बाबांचा रेडिओग्राम. नाव वाचूनच तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तरी पुढे वाच. वाटणीच्या दिवशी तो तुला हवा होता आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तू त्याच्यावरची धूळ तरी कधी पुसलीस का?" चपला घातल्यास आणि चहा न घेता गेलास. मी जिंकले. ती जिंकलेली वस्तू चार हमालांनी आमच्या जिन्यात आणली आणि दुसऱ्या वळणावर ती अशी अडकली, की वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना दीड तास खाली उतरता येईना. (बाईंनी तो वेळ बोलण्यात सत्कारणी लावला. हमालांपैकी दोघे शेवटी त्यांना 'हो, चूक झाली' म्हणाले, तेव्हा कुठे त्या थांबल्या.) आमचं दार बिजागऱ्यांतून काढलं, मग तो आत आला. सध्या तो फ्रिज आणि कोच यांच्या मधे उभा आहे. फ्रिजकडे जायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन जावं लागतं. मेहुण्यांचं वजन दोन किलोंनी उतरलंय.

आता तो आला तर त्याचं मूळ-कूळ समजून घ्यावं, असं मला वाटलं. लहानपणापासून आपण ऐकत आलो, की असे, रेडिओ आणि तबकड्या एकाच कपाटात असलेले, तीनच रेडिओग्राम परदेशातून निघाले. एक बाबांकडे आला, एक कुठल्या न्यायाधीशांकडे गेला आणि तिसरा बोटीबरोबर बुडाला. मी सबंध शाळेला हे सांगितलं होतं. (न्यायाधीशांची मुलगी आमच्या वर्गात नव्हती हे माझं नशीब.) पण पुढच्या बाजूला कंपनीचं नाव म्हणून स्क्रूची दोन भोकं आणि एक फिकट चौकोन, एवढंच. म्हणून जुन्या रेडिओंच्या हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावर फोटो टाकले. अकरा उत्तरं आली आणि अकरा कंपन्या निघाल्या. दोन जाणकार तर तीन दिवस एकमेकांची अक्कल काढत होते, शेवटी दोघेही रागारागाने ग्रुप सोडून गेले. एका बाईंनी रेडिओग्रामबद्दल चकार शब्द न काढता वरच्या क्रोशाच्या झालरीचा नमुना मागितला.

त्याच ग्रुपवरून व्हॉल्व्हवाले काका सापडले. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. फोनवर त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, की मी येईपर्यंत प्लगला हात लावायचा नाही; वर्षानुवर्षं बंद असलेला सेट एकदम चालू केला तर आतले कंडेन्सर उडतात. मी हे मेहुण्यांना सांगायला वळले, तोवर ते 'चालते का बघू'च्या मार्गाला लागलेले होते. फट्ट असा आवाज झाला, जळका वास आला आणि घरातले दिवे गेले. मेहुणे म्हणाले, "म्हणजे करंट येतोय."

पण माझ्या प्रतापापुढे हे काहीच नाही. औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला जगातली कुठलीही घाण एकाच गोष्टीने निघते असं वाटतं, ती म्हणजे स्पिरिट. काका यायच्या आत जरा साफसफाई करावी म्हणून मी कापसाचा बोळा भिजवला आणि झाकण आतून पुसायला घेतलं. बोळा तपकिरी झाला. दुसरा घेतला, तोही झाला. इतक्या वर्षांची धूळ बघून मला तुझाच राग आला आणि मी आणखी जोराने घासलं. सहाव्या बोळ्याला झाकणावर काळी अक्षरं दिसू लागली. 'नाजूक माल. ही बाजू वर.' आणि तीही उलटी!

काका आले, त्यांनी बोळ्यांचा ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. लाखेचं पॉलिश स्पिरिटमधेच विरघळवून करतात, म्हणाले, तुम्ही ते पुन्हा विरघळवलंत. मग त्यांनी मागची फळी काढली, बराच वेळ आत टॉर्च फिरवला आणि हसायला लागले. "ताई, ही कुठल्या कंपनीची वस्तू नाही. हे संमेलन आहे." रेडिओ एका कंपनीचा, तबकड्यांचं यंत्र दुसरीचं, स्पीकर कुठल्यातरी थिएटरातला आणि सगळं लाकूड चहाच्या खोक्यांचं. "पण सुतारकाम कोणी केलंय? एक खिळा नाही हो, सगळे सांधे खाचा पाडून बसवलेत," असंही म्हणाले. मला मात्र तो बोटीबरोबर बुडालेला तिसरा रेडिओग्राम आठवून रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात त्यांनी ती फळी माझ्याकडे दिली. आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी गिचमिड होतं, त्यांना लागेना. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझी हयात गेली, बाबांचं अक्षर मला काय जड! पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फायली लिहायचे तसंच लिहिलंय. 'विषय : रेडिओग्राम. धाकटी शेजारच्यांसारखा परदेशी पाहिजे म्हणून तीन दिवस नीट जेवली नाही. सबब घरी तयार करणे. कापणे, जोडणे, घासणे, पॉलिश : थोरला. थोरल्याची सायकल पुढील वर्षी. धाकटीस परदेशी असल्याचे सांगणे. थोरला कोणाजवळ बोलणार नाही असे त्याने कबूल केले.'

दादा, मी तेव्हा सहा वर्षांची आणि तू कॉलेजात. ती सायकल तुला कधी आली रे? मला आठवतं तसं, नोकरी लागेपर्यंत तू चालतच जायचास.

काकांनी कंडेन्सर बदलले, आता एक स्टेशन लागतं. तबकडी थोडी हळू फिरते, त्यामुळे सगळ्या गायिकांना सर्दी झाल्यासारखी वाटते. मेहुणे म्हणतात, निदान शब्द तरी कळतात. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. झाकणाचं पॉलिश पुन्हा करायचं आहे. मूळ पॉलिशात रंग कोणता घातला होतास ते कळव. काका तीन रंग सांगतात आणि मेहुणे बुटाचं पॉलिश घेऊन तयार आहेत.

ता. क. २. पत्र परत वाचून पाहिलं. हमाल आले, वकीलबाई आल्या, आणि जे लिहायला बसले तेच राहिलं. दादा, माझं चुकलं. फार चुकलं. सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून काल घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत माफीही मागितली आहे. तू तिथे रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकून निघून जातोस, म्हणून इथे वेगळं लिहिलं.

ता. क. ३. मी रेडिओग्राम तुझ्याकडे पाठवते आहे, असा अर्थ मात्र काढू नकोस. दार पुन्हा काढायची ताकद आमच्यात नाही. मागची फळी अजून बसवलेली नाही. काका दर दोन दिवसांनी विचारतात, "ताई, फळी लावून टाकू का?" मी सांगते, "नको, ज्याने पहिल्यांदा लावली तोच येतोय." असं आतापर्यंत तीनदा सांगून झालंय. म्हातारा माणूस आहे, त्याच्यासमोर मला खोटं पाडू नकोस.