कोपऱ्यातला आकडा

३ मार्च, सोमवार

४३८! सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात ४३८ लिहिलं होतं आणि दुपारी माझा प्रोग्राम थांबला तो ४३८.२ वर. आमच्या गटातल्या लांबीने टेबलावर थाप मारली. मी बोलायचं कशाला, आकडा बोलतोय!

घरी आल्यावर हिने विचारलं, आज स्वारी खुशीत दिसते. मग समजावून सांगितलं. कारखान्यात एक उभी नळी, आत कॅटॅलिस्टचे दाणे ठासून भरलेले. वरून वायू सोडायचा. दाण्यांवर रिअ‍ॅक्शन होते, उष्णता सुटते आणि नळीत एक जागा सगळ्यात जास्त तापते. ती ४५० अंशांच्या वर गेली की नळीचं पोलाद नरम पडायला लागतं. कारखान्याला आता वायू वाढवायचाय. वाढवला तर ती जागा किती तापेल, हे ते आमच्या विद्यापीठातल्या गटाला विचारतात. लांबी ही आमच्यातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, दारातून वाकून येणारी. तिचा सगळा प्रबंध ह्याच नळीवर.

"नळी बघून आलात?" ही म्हणाली.

नाही. आम्ही नळी बघत नाही, गणित करतो. म्हणून तर सरांचा नियम — आधी खडू, मग यंत्र. रन लावण्याआधी प्रत्येकाने हाताने मांडायचं, चार ओळींत, आणि अंदाज फळ्यावर लिहायचा. सर शेवटी लिहितात, उजव्या खालच्या कोपऱ्यात. यंत्राचा आकडा आणि कोपऱ्यातला आकडा जवळ आले तरच तो आमच्या दाराबाहेर जातो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलो की नाही, ते बघायचं.

मी अंदाज लिहीत नाही. प्रोग्राम माझा, म्हणजे अंदाज माझाच.

ही म्हणाली, एवढं सगळं कळतं, मग बाथरूमचा नळ का गळतो?

५ मार्च, बुधवार

ऑफिसातून नवीन कारकून आला होता. कपाळाला आठ्या घालून विचारतो, आपलं शिक्षण? म्हटलं, चालू आहे. लांबी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली.

मी इथे आलो तो एसी दुरुस्त करायला. ही यंत्रं एवढी तापतात कशाने म्हणून सहज विचारलं, तर सरांनी खुर्ची दिली, हातात पुस्तक दिलं. पुढचं सगळं माझं मी. आज ह्या गटात माझ्या प्रोग्रामशिवाय कुणाचं पान हलत नाही. पोरं काका म्हणतात. सर अजून मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी म्हटलेलं चालतं.

७ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट सापडली. नको होती.

रिअ‍ॅक्शन कोणत्या तापमानाला किती वेगाने होते, त्याचा तक्ता प्रोग्राम वाचतो. तक्ता ४२० अंशांवर संपतो. तो केला तेव्हा त्याच्या फारसं वर कुणी जाणारच नव्हतं. पण आताची नळी वर जाते, आणि तक्ता संपला की प्रोग्राम शेवटचाच वेग धरून पुढे चालतो. खरा वेग तर तापमानाबरोबर वाढतच जाणार! वेग वाढला की उष्णता वाढली, उष्णता वाढली की पुन्हा वेग.

तक्ता काढला, समीकरण घातलं, रन लावला.

४६७.

आमचं 'जुनं गणित'ही चालवून पाहिलं. सकाळी कामाला बसण्याआधी ते चालवायचं आणि नेहमीचं उत्तर येतं का बघायचं, म्हणजे यंत्र शुद्धीवर आहे हे कळतं. हीही सरांचीच शिस्त. नेहमी ४३१ येतं. नव्या प्रोग्रामने ४४८ दिलं. तेही ४२०च्या वरचंच ना.

८ मार्च, शनिवार

पुन्हा तपासलं. ४६७.

११ मार्च, मंगळवार

लांबीला दाखवलं. तिने नीट पाहिलं, ओळ न् ओळ. समीकरणात खोट काढता आली नाही तिला. पण म्हणाली, "काका, सर हाताने करतात. त्यांच्याकडे कुठे आहे तुमचा तक्ता? तरी ते ४३८ वरच आले ना?"

दोन साक्षीदार ४३८ म्हणतात आणि मी एकटा ४६७. गटाच्या नियमाने मीच खोटा. पुढच्या शुक्रवारी कारखान्याला आकडा द्यायचाय.

तिला विचारलं, तुझा स्वतःचा अंदाज काय होता? ४४०. मांडून काढलास? खाली बघून हसली. सगळेच मागच्या आकड्याच्या आसपासचं काहीतरी लिहितात म्हणे, सरांचा कोपरा आहेच!

१२ मार्च, बुधवार

फळ्याकडे बघत बसलो होतो. ४३८. मग डोक्यात आलं — खडूने केलेलं गणित ४२० वर अडखळेलच कसं? खडूला तक्ता नसतो. हाताने मांडलेलं एकतर बरोबर येईल नाहीतर भलतीकडे जाईल. माझ्या प्रोग्रामची नेमकी तीच चूक करून नेमक्या त्याच आकड्यावर येणार नाही.

आणि ४३८ तरी कसं? पूर्वी सर ४००, ५०० असंच लिहायचे. कुणी ४१२ लिहिलं की त्यातले १२ बोटाने पुसायचे. "अंदाजाला शेपटी नसते." गेलं वर्षभर सरांच्या आकड्यांना शेपट्या आहेत. २९१. ३५६. ४३८. मी प्रत्येक वेळी खूश! मला वाटायचं, सर आणि मी आता एका तालात चालतोय.

डोळ्यांसमोर होतं सगळं. आणि मी म्हणे बारकाव्यांचा माणूस.

संध्याकाळी दार लावून स्वतः खडू घेतला. म्हटलं, मीच मांडतो हाताने, मीच दुसरा साक्षीदार होतो. दोन ओळी झाल्या. तिसरीत अडकलो. काय धरायचं, काय सोडायचं, तेच कळेना. यंत्राला काही सोडावं लागत नाही. फळा पुसला, ओल्या फडक्याने. कुणाला दिसायला नको.

१४ मार्च, शुक्रवार

सर एकटे होते. म्हटलं, सर, ते ४३८ कसं मांडलंत, जरा दाखवता? मला शिकायचंय.

खूश झाले. "ये मिस्त्री, बस." खडू घेतला. पहिली ओळ झरझर, ते तिरके वळणदार आकडे. बरोबरचं चिन्ह काढलं. थांबले. चिन्हावरून पुन्हा खडू फिरवला. मग पुन्हा. ते चिन्ह जाड होत गेलं. खडूचा तुकडा मोडला.

मग वळून म्हणाले, खिडकीतून वारा येतो का रे? मी उठून खिडकी लावली. ती लावलेलीच होती.

चहा मागवला. एसीच्या दिवसांच्या गोष्टी काढल्या, सगळ्या अचूक. माझ्या तेव्हाच्या शर्टाचा रंगसुद्धा. फळ्यावर ते बरोबरचं चिन्ह तसंच. त्याच्या उजवीकडे काही नाही.

१६ मार्च, रविवार

सरांच्या घरी गेलो. परत द्यायचं पुस्तक होतं, निमित्त म्हणून. सर फिरायला गेलेले. वहिनींनी आत बसवलं.

म्हणाल्या, "भावजी, तुमच्या प्रोग्रामने ह्यांना फार सांभाळलंय हो. सकाळच्या गोळीची मला आठवण करून द्यावी लागते. पण लॅपटॉपपुढे बसायचं कधी विसरत नाहीत. आधी ते जुनं गणित, मग नवं. मग आकडा तोंडाने घोकत घोकत गाडीत बसतात."

लॅपटॉप मीच लावून दिला होता, सरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. प्रोग्रामही मीच घातला. तक्त्यासकट.

वहिनींना काय ठाऊक आहे आणि काय नाही, मला कळलं नाही. निघताना त्यांनी माझी चप्पल सरळ करून ठेवली. असं त्या कधी करत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

म्हणजे साक्षीदार दोन नाहीत. एकच आहे. माझा प्रोग्राम दोन तोंडांनी बोलतोय.

हे एक वाक्य मोठ्याने बोललं की काम झालं. कारखाना थांबेल. पण ते वाक्य म्हणजे सर संपले. हिला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल गप्प बसा, त्यांनी तुम्हाला उभं केलं. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "सर तुमचे. त्या नळीजवळ जी माणसं उभी राहतात ती कुणाची?"

मग म्हणाली, जा, जे करायचं ते करा. मला विचारू नका.

१८ मार्च, मंगळवार

विभागप्रमुखांकडे गेलो. सरांचेच जुने विद्यार्थी. दारात मला बघून म्हणाले, बरं झालं आलात, प्रिंटर अडकलाय. प्रिंटर उघडला, कागद ओढून काढला, रोलर पुसला. झालं, म्हणालो. थँक्यू, म्हणाले. बाहेर आलो.

एवढंच जमलं.

१९ मार्च, बुधवार

केलं.

दुपारी सर गटात असताना वहिनींकडे गेलो. म्हटलं, लॅपटॉप हळू चालतो म्हणत होते सर, बघतो. त्यांनी पाणी आणून ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत गेल्या. जुना प्रोग्राम काढला, त्याच जागी तसाच दिसणारा नवा ठेवला. पडद्यावरची खिडकी तीच, रंग तोच, बटणं तीच.

लांबीला सांगितलंय, मी तक्ता बदललाय, म्हणजे गणित नवं झालं. नियमाप्रमाणे उद्या सगळ्यांनी नवे अंदाज लिहायचे.

उद्या सर ४६७ लिहितील. दोन साक्षीदार. नळी वाचेल, माणसं वाचतील, सर वाचतील. कुणाचंच काही जाणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा आधी ठरवला आणि रस्ता मागाहून केला. हात धुतले तीनदा. कसला डाग होता कोण जाणे.

२० मार्च, गुरुवार

सर आले, खडू उचलला, कोपऱ्यात लिहिलं — ४६७.

लांबीच्या प्रबंधाची अर्धी पानं गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, काका, तुम्ही बरोबर होतात. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. त्यांना कसा चेहरा दाखवायचा ते कळत नव्हतं, म्हणून केबल गुंडाळत बसलो. सर फळ्यासमोर उभेच. स्वतःच्या आकड्याकडे बघत होते, अनोळखी माणसाकडे बघावं तसे.

कारखान्याचा इंजिनिअर उद्या येतोय. आकडा द्यायचा, सुटायचं. जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

इंजिनिअर बसला होता, आम्ही सगळे होतो. सर उठले आणि कोपऱ्यातला आकडा तळव्याने पुसला.

म्हणाले, "हा माझा नाही. वर्षभर एकही माझा नव्हता. काल सकाळी घरी जुनं गणित चालवलं, ४३१ यायचं ते ४४८ आलं. आजही तेच. म्हणजे यंत्र कुणीतरी बदललं. मिस्त्रीशिवाय कुणाला येतं ते?" आवाज नेहमीचाच. रागही नाही. "मला आता मांडता येत नाही. पण एकाचे दोन करून दाखवायचे नसतात, एवढं लक्षात आहे."

खडू लांबीच्या हातात दिला. तिने तीनदा पुसलं, चौथ्यांदा चार ओळी पूर्ण केल्या. लिहिलं, साधारण ५००. इंजिनिअर फोन घेऊन बाहेर गेला. वायू वाढणार नाही.

"शेपटी नाही," सर म्हणाले. "छान."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. खडू माझ्या हातात कुणी दिला नाही. दिला असता, तरी —