वाडीच्या कुंपणाची तार

मी, गिरजाबाई घनश्याम सेलोकर, वय ५८, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हा कागद स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दुखतात ते गुडघे.

१. राहते घर मुलगा कमलेश याला द्यावे. कुदळ, सब्बल आणि वानरे हाकलायचा पत्र्याचा डबाही त्याचाच.

२. पाणी भरायचा पितळेचा गुंड व कानातले मुलगी चंदा हिला. तिने कधी काही मागितले नाही, म्हणून आठवणीने लिहिते.

३. घरामागची भाजीची वाडी माझ्या नावावर आहे. ती माझे दीर जागेश्वर यांना द्यावी. कमलेशला हे रुचणार नाही, म्हणून कारण लिहिते.

२०११ च्या कार्तिकात रानडुकरे रोज रताळी उकरून जात. भाऊजी संध्याकाळी कुंपणाच्या तारेत करंट सोडत आणि उजाडताच काढून घेत. त्या सकाळीही काढून ते शेतावर गेले. मी चूल पेटवताना पाहिले, तर दोन डुकरे पुन्हा वालाच्या वेलाशी. मी तार परत जोडली आणि स्वयंपाकाला लागले. घरात सांगायचे राहिले. कमलेशचे वडील शेंगा तोडायला गेले, ते तारेवरच पडले आणि जागीच गेले.

पोलीस आले. मी तोंड उघडण्याआधीच भाऊजी म्हणाले, "तार काढाचं मीच विसरलो, साहेब."

ते विसरले नव्हते. कमलेश बारा वर्षांचा होता, चंदा नऊची. मी गप्प राहिले. भाऊजी दीड वर्ष तुरुंगात होते. कमलेशने काकाशी बोलणे सोडले, आणि मी ते चालू दिले. दोष माझा आहे.

४. त्यानंतर वाडीत करंट आला नाही. डुकरांनी रताळी नेली, वानरांनी वांगी, चितळांनी चवळी. एका वर्षी अस्वलाने सगळा मका झोपवला. मी डबा वाजवायची. जे गेले ते गेले. जे उरले त्यात आमचे भागले. यापुढे वाडी कोणाकडेही असो, तारेत करंट सोडू नये.

५. हे कलम मागून जोडले आहे. काल भाऊजींना बोलावून वरचे सगळे वाचून दाखवले. ते ओट्यावरच बसले.

"आता कायले लिहून राहिल्या, वहिनी?"

"कमलेशले मालूम व्हावं म्हणून."

त्यांनी एकदा वाडीकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग तुमी गेल्यावर कायले? मी आहो तोवरच वाचू द्या त्याले."

म्हणून हा कागद पेटीत ठेवला नाही. आज सकाळी कमलेशच्या हाती दिला. त्याने दोनदा वाचला. कागद माझ्यापुढे परत ठेवला. चपला घालून काकाच्या घरी गेला. साक्षीदार येऊन बसले आहेत, दोनदा चहा झाला, तो अजून तिथेच आहे. त्याला बोलवायला कोणी जाऊ नये, असे मी सांगितले आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही करते.

गिरजाबाई घनश्याम सेलोकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. चंद्रकुमार तिघरे, कोंढा
२. देवकाबाई भुरे, कोंढा (अंगठा)

ठिकाण : कोंढा
दिनांक : ८ डिसेंबर २०२४