जगदेवीच्या गोळ्यांऐवजी कॅल्शियम

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, बोरधारा, जि. बीड

विषय : पत्नीच्या फुप्फुसाची गोळी माझ्या चारित्र्यावरील संशयाने रोखल्याबाबत.
संदर्भ : लातूरच्या हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी.

महोदय,

१. माझी पत्नी सौ. जगदेवी हिच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसल्या आहेत. त्यामुळे तिथला रक्तदाब वाढतो; दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. अरुंद झालेल्या वाटेतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. सिल्डेनाफिल या गोळीने त्या वाहिन्या सैल होतात. दिवसातून तीनदा, खंड न पाडता घ्यावी लागते.

२. हीच गोळी पुरुष अन्य कारणासाठीही घेतात, याला माझा इलाज नाही.

३. जगदेवीला चार पावलांत दम लागतो, म्हणून गोळ्या मीच आणतो. ती औषधाच्या खिडकीवर वा ओसरीवर कधी दिसत नाही, म्हणून आपले औषधनिर्माण अधिकारी श्री. भागवत राऊत यांनी, गोळ्या मलाच लागतात, असे ठरवले. मला न विचारता. एकतीस वर्षे ते व मी माझ्या ओसरीवर रोज बुद्धिबळ खेळतो.

४. "अप्पा, कंपनी बदलली, औषध तेच हाय," म्हणत त्यांनी कागदी पाकिटात सुट्या गोळ्या दिल्या. दहाव्या दिवशी जगदेवीचे ओठ निळे पडले. अकराव्या दिवशी तिला आपल्याच रुग्णालयात ऑक्सिजन लावला. "लातूरला न्यायचंय तर दाढी करून या, माणसात दिसा," असे तिने नळीआडून फर्मावले.

५. कटिंगच्या दुकानात श्री. भागवत सांगत होते, "अप्पाला म्याच वाचवलं. बायकोच्या नावावर तसल्या गोळ्या न्यायचा. म्या कॅल्शियम दिलं!" पाच गिऱ्हाइके लई हसली. सहावा मी, तोंडाला साबण लावून बसलेला. त्यांनी ओळखले नाही.

६. सबब विनंती :
(अ) गोळ्या आजच, मूळ पट्टीत मिळाव्यात.
(आ) अकरा दिवसांत जगदेवीची हाडे मजबूत झाली असल्यास त्याचे श्रेय श्री. भागवत यांना द्यावे.
(इ) त्यांची बदली करू नये. त्यांनी तिच्या खाटेपर्यंत स्वतः चालत जाऊन गोळी द्यावी व तिचे ओठ पाहावेत. खाट त्यांच्या खिडकीपासून बावीस पावलांवर आहे.

आदेशाच्या प्रतीक्षेत, नम्र अर्जदार
वीरभद्र मन्मथप्पा होनराव
दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) चिठ्ठीची प्रत.
२) उरलेली कॅल्शियमची गोळी, एक.
३) बुद्धिबळाचा पट, सोंगट्यांसह. श्री. भागवत यांचा आहे. पोच घेऊन त्यांना परत करावा.